जाहीर न झालेला दौरा रद्द

२०२५ च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, बातमी आली की रोलिंग स्टोन्सनी २०२६ चा ब्रिटन-युरोपचा दौरा रद्द केला. जगभरचे चाहते हळहळले. कुणी कीथ रिचर्ड्सला बोल लावला, कुणी त्याच्या बोटांच्या सांध्यांना, आणि मोठ्या मनाच्या मंडळींनी दोघांनाही माफ केलं. या गदारोळात एक बारीकशी गोष्ट मागे पडली. हा दौरा कधी जाहीरच झाला नव्हता. तारखा नव्हत्या, तिकिटं नव्हती, पोस्टर नव्हतं. बाजारात तुरी होत्या आणि घराघरांत भांडणं चालू होती. बरं, हे पहिल्यांदा झालं असंही नाही. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात युरोपची स्टेडियमं गाजवायचा बेतही असाच, अधिकृतपणे जन्माला न येता, वारला होता. जे झालंच नाही त्याचं सुतक पाळण्यात रॉकच्या जुन्या चाहत्यांचा हात कुणी धरू शकणार नाही.

मुलुंडचे आमचे एक स्नेही बँकेतून निवृत्त झालेत. मुलगी लंडनला असते. ती दर वर्षी विचारते, "बाबा, कधी येताय?" आणि बाबा दर वर्षी सांगतात, "जूनचं बघतो, अजून काही कळलेलं नाही." काय कळायचं राहिलंय हे जावयाला ठाऊक नाही. तो बिचारा समजतो, व्हिसाचं काहीतरी अडलं असेल. डिसेंबरातली ती बातमी वाचून बाबांनी फोन केला आणि पडलेल्या आवाजात सांगितलं, "आता केव्हाही येतो. तुमच्या सोयीनं." नातवाच्या मुंजीला जायचं की नाही हे कीथ रिचर्ड्सच्या संधिवातावर ठरलेलं पाहून मला या प्रकरणाकडे जरा गांभीर्यानं बघावंसं वाटलं.

ज्यांना हे बँड-प्रकरण परकं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. रोलिंग स्टोन्सचा पहिला कार्यक्रम लंडनच्या मार्की क्लबमध्ये १२ जुलै १९६२ रोजी झाला. गायक मिक जॅगर आणि गिटारवाला कीथ रिचर्ड्स दोघेही १९४३ चे. तिसरा रॉनी वूड १९४७ चा. तो १९७५ साली आला, म्हणून जुनेजाणते चाहते त्याला अजून 'नवा मुलगा' म्हणतात. त्याच्याहून हाल बास वाजवणाऱ्या डॅरिल जोन्सचे. हा गृहस्थ १९९४ पासून यांच्याबरोबर वाजवतोय, तीस वर्षं उलटून गेली, तरी अधिकृत सदस्य नाही. वर्षानुवर्षं 'सेवेत कायम करा' म्हणून आझाद मैदानात बसलेल्यांनी हा दाखला जरूर द्यावा. तर अशा या मंडळींच्या पुढच्या दौऱ्याचा अंदाज बांधणं हा एक स्वतंत्र उद्योग आहे. त्यात पगार नाही, सुट्टी नाही आणि निवृत्तीचं वयही नाही.

या उद्योगातलं पहिलं हत्यार म्हणजे स्टेडियमचं वेळापत्रक. युरोपातली मोठी स्टेडियमं फुटबॉलची. मोसम मेअखेर संपतो, ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू होतो, मधल्या फटीत गाणंबजावणं. त्यामुळे ज्या माणसानं आयुष्यात फुटबॉलला पाय लावलेला नाही, त्याला कोणत्या क्लबच्या मैदानावर नवं गवत केव्हा घालणार हे तोंडपाठ असतं. जूनमधले दोन शनिवार रिकामे दिसले की त्याच्या छातीत धडधडतं. २०२६ साठीचा तर्क तर फारच देखणा होता. अमेरिकेतली मोठी स्टेडियमं जून-जुलैत फुटबॉलच्या विश्वचषकात अडकणार. म्हणजे स्टोन्स तिकडे जाणार नाहीत. म्हणजे युरोपात येणार. म्हणजे लंडनला येणार. म्हणजे टॉटनहॅमच्या स्टेडियममध्ये येणार. म्हणजे तिकिटं वर्षाच्या सुरुवातीला निघणार. एवढी लांब साखळी, कडी अन् कडी घट्ट, आणि तिच्यात स्टोन्सना कुणी काही विचारलेलं नाही.

दुसरं हत्यार म्हणजे चक लेव्हेल. बँडबरोबर १९८२ पासून पियानो-कीबोर्ड वाजवणारा हा अमेरिकन माणूस. कुठलं गाणं कोणत्या सुरात, किती लयीत आणि कशा क्रमानं वाजलं याच्या त्याच्याकडे वह्याच्या वह्या आहेत. कुठल्या रात्री काय वाजवायचं याची यादी करताना जॅगर त्याच्याशी बोलतो. बाकीच्या वेळी हा माणूस जॉर्जिया राज्यात झाडांची शेती करतो. आता चाहत्यांच्या दृष्टीनं यातलं महत्त्वाचं काय, तर झाडांची शेती. लेव्हेल शेतावर आहे म्हणजे दौरा नाही. लेव्हेलनं कुठल्या वनसंमेलनाचं आमंत्रण स्वीकारलं की पुढचे दोन महिने बाद. नाकारलं की आनंदीआनंद. कुणी मुलाखतकारानं त्याला दौऱ्याबद्दल विचारलं आणि तो नुसता हसला, तर त्या हसण्यावर चार-चार दिवस खल चालतो: तो 'हो'चा हसला की 'नाही'चा? पाइनच्या रोपांविषयी मनापासून बोलायला आलेल्या त्या सज्जन माणसाची मला खरोखर कीव येते.

मग 'आतल्या गोटातले'. प्रत्येक कंपूत असा एक असतोच. त्याचा मेहुणा प्रकाशयोजनेच्या कंपनीत असतो, किंवा मेहुण्याचा शेजारी मालट्रक चालवतो. हा माणूस स्पष्ट काही बोलत नाही. "मी नाव घेणार नाही, पण मे महिना मोकळा ठेवा," एवढंच म्हणतो आणि निघून जातो. मे महिना येतो, जातो, कुठे टाचणी पडल्याचाही आवाज येत नाही. जूनमध्ये त्याला धरलं तर तो तितक्याच गंभीरपणे सांगतो, "पडद्यामागे बदल झाले." यावर कुणी हसत नाही. उलट पडद्यामागे बदल झाले हे याला कळलं कसं, म्हणून त्याचा भाव आणखी वधारतो. अंदाज चुकल्यामुळे पत गेलेला एकही आतल्या गोटातला माणूस माझ्या पाहण्यात नाही.

पण सगळा दोष चाहत्यांच्या माथी मारणं बरं नव्हे. त्यांना ही सवय लावली बँडनं. दौरा साध्या पत्रकातून जाहीर करायचा, हे यांना कधी जमलंच नाही. १ मे १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर पत्रकार आत बसून वाट बघत होते आणि हे लोक बाहेर रस्त्यात उघड्या मालट्रकवर उभे राहून वाजवत आले. गाणं संपलं, ट्रक निघून गेला. प्रश्नोत्तरं राहिली ती राहिलीच. १९८९ साली रेल्वेनं ग्रँड सेंट्रल स्टेशनात उतरले. १९९४ साली बोटीतून धक्क्याला लागले. १९९७ साली जॅगर लाल कॅडिलॅक हाकत ब्रुकलिन पुलावरून आला. २००२ साली ब्राँक्समधल्या बागेत हवाई फुग्यातून उतरले. जमीन, पाणी, आकाश सगळं झालं. यानंतर न्यूयॉर्कवरून नुसतं एखादं मोठं विमान गेलं तरी खाली चाहत्यानं मान वर करून बघितलं तर त्याचं काय चुकलं?

या सगळ्यावर ताण झाली ती २०२३ च्या ऑगस्टात. पूर्व लंडनमध्ये हॅकनी गॅझेट नावाचं स्थानिक वर्तमानपत्र आहे. त्यात एक जाहिरात आली. काचदुरुस्तीच्या दुकानाची. दुकानाचं नाव हॅकनी डायमंड्स, स्थापना १९६२, लवकरच उघडत आहोत. मजकुरात काचा फुटल्या असल्यास आम्हाला सांगा, तुमचं समाधान हीच आमची हमी, असल्या धर्तीची चार वाक्यं. आता सामान्य वाचकानं ही जाहिरात पाहिली असती, घरातल्या तडकलेल्या तावदानाकडे नजर टाकली असती आणि पान उलटलं असतं. स्टोन्सच्या चाहत्यानं मात्र भिंग काढलं. स्थापना १९६२, म्हणजे बँडच्या जन्माचं साल. 'समाधान' शब्दात १९६५ चं 'सॅटिस्फॅक्शन'. फुटलेल्या काचांत १९७८ चं 'शॅटर्ड'. निवाऱ्याचा उल्लेख होता, तो १९६९ चं 'गिमी शेल्टर'. आणि नावातल्या एका अक्षरावरच्या टिंबाच्या जागी इवलीशी लाल जीभ, म्हणजे बँडचं बोधचिन्हच.

महिन्याभरात हॅकनी एम्पायर या जुन्या नाट्यगृहात त्याच नावाचा अल्बम जाहीर झाला. २००५ नंतरचा स्वतःच्या नव्या गाण्यांचा पहिलाच. (माझ्या मते अपेक्षेपेक्षा बराच चांगला, पण हे मत मुलुंडच्या स्नेह्यांपुढे बोलून दाखवायची सोय नाही. त्यांच्या लेखी १९७२ नंतर सगळंच उतरणीला लागलं.) म्हणजे काय झालं, की आयुष्यभर सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्या या मंडळींना एकदा खरोखरच सुताच्या टोकाला स्वर्ग सापडला. त्या दिवसापासून त्यांना आवरणं मुश्कील झालंय. आता लंडनच्या कुठल्याही पेपरात नळदुरुस्तीची, किल्ल्या बनवण्याची, वापरलेल्या गाद्यांची जाहिरात सुरक्षित नाही. स्थापनेचं साल साठच्या दशकातलं निघालं तर त्या दुकानदाराला दिवसभर फोन. एखाद्या खऱ्याखुऱ्या काचवाल्यानं वैतागून फोन उचलणं बंद केलं, तर तो गप्प का बसला याचाही अर्थ लावला जाणार.

आता वैद्यकीय शाखेकडे वळतो. पुढच्या दौऱ्याचा अंदाज बांधणाऱ्यांपैकी निम्मे लोक खरं म्हणजे वैद्य असतात. पदवी नसते, अनुभव दांडगा. त्यांचा मुख्य रुग्ण कीथ रिचर्ड्स. हा माणूस एकेकाळी ज्या गोष्टींचं सेवन करत होता त्यांनी त्याला काही झालं नाही. त्याला झालं ते पुस्तकांनी आणि झाडांनी. १९९८ साली घरच्या ग्रंथालयात वरच्या फळीवरचं पुस्तक काढताना शिडीवरून पडला, बरगड्या मोडल्या, युरोपचा दौरा लांबला. वाचनानं कुणाचं भलं झालं नाही, असं म्हणणाऱ्यांना एवढा भक्कम पुरावा दुसरा मिळायचा नाही. २००६ साली फिजी बेटावर झाडावरून पडला, न्यूझीलंडमध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाली, पुन्हा युरोपचा दौरा लांबला. म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं युरोपशी काहीतरी वैर असावं. रंगमंचावर येऊन हा म्हणतो, इथे आल्याचा आनंद आहे, खरं तर कुठेही असल्याचा आनंद आहे. लोक हसतात. वैद्यमंडळी हसत नाहीत. ती टिपण करून घेतात.

अलीकडे त्याच्या हाताला संधिवात आहे. तो स्वतःच मोकळेपणानं सांगतो, की त्यामुळे वाजवायची पद्धत बदलावी लागली आणि बदलताना काही नवीन सापडलं. एवढ्यावर थांबावं की नाही? पण त्याचं नवं छायाचित्र आलं की चाहते चेहरा बघतच नाहीत. थेट बोटं. छायाचित्र मोठं करायचं, पेरांवरची सूज पाहायची, गेल्या वर्षीच्या छायाचित्राशी ताडून घ्यायची, आणि "अजून वीसेक कार्यक्रम निघतील" असा निर्वाळा द्यायचा. ज्या माणसाला स्वतःच्या गुडघ्याचा एक्स-रे दाखवायला बायकोनं ओढत न्यावं लागतं, तो चार हजार मैलांवरून दुसऱ्याच्या अंगठ्याचं निदान करतो.

जॅगरचं प्रकरण वेगळं. २०१९ च्या एप्रिलमध्ये त्याच्या हृदयाची झडप बदलली. दौरा पुढे ढकलला. मे महिन्याच्या मध्याला त्यानं आरशासमोर नाचतानाची एक छोटी चित्रफीत जगाला दाखवली. वय पंचाहत्तर, उडी मात्र पंचविशीतली. तुम्हीआम्ही म्हणालो असतो, वा, बरा झालेला दिसतोय. वैद्यमंडळींनी मात्र ती चित्रफीत मागेपुढे करकरून पाहिली. डावा हात किती वर गेला, दम कुठे लागला, मधे काटछाट केलीय का. 'ही फीत जुनी असावी' असा एक निराशावादी गट निघाला. 'नाही, बूट नवे आहेत' असा दुसऱ्या गटानं प्रतिवाद केला. २१ जूनला शिकागोच्या सोल्जर फील्डवर तो खराच नाचला, तेव्हा निराशावादी गटाला थोडं वाईट वाटलं, असं माझं स्पष्ट निरीक्षण आहे.

एकदा मात्र सगळ्यांचे अंदाज थंडावले. २०२१ च्या ऑगस्टात ड्रमवादक चार्ली वॉट्स गेला. ऐंशी वर्षांचा होता, आणि त्याच्याशिवाय बँड नाही असं निम्मे चाहते शपथेवर सांगत आले होते. महिन्याभरात सेंट लुईसला दौरा सुरू झाला, ड्रमवर स्टीव्ह जॉर्डन. शपथ घेतलेले निम्मे चाहते तिकिटं काढून हजर होते. त्यांना नावं ठेवायची माझी तयारी नाही. ते दुःखात होते आणि रांगेत होते. माणसाला दोन्ही एकदम करता येतं.

निरोपाच्या बाबतीत स्टोन्सचा एक मोठेपणा मानायला हवा. बाकीच्या दिग्गजांनी निरोप घेऊन घेऊन त्या शब्दाची पार लाज घालवली. द हू या बँडनं १९८२ मध्ये निरोपाचा दौरा केला. २०२५ मध्ये अमेरिकेला पुन्हा निरोप दिला. ऑझी ऑस्बोर्ननं १९९२ साली 'नो मोअर टूर्स' नावाचा दौरा काढला आणि २०१८ साली त्याच नावाचा दुसरा. किसनं २००० साली निरोप घेतला आणि खरोखर दिवे मालवले २ डिसेंबर २०२३ ला, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. स्कॉर्पिअन्सनी २०१० मध्ये निवृत्ती जाहीर केली आणि २०२५ मध्ये साठीचा सोहळा वाजवला. यात प्रामाणिक म्हणावे ते ईगल्स. त्यांनी आपल्या दौऱ्याचं नावच 'फेअरवेल १' ठेवलं. पुढचे भाग निघणार हे गिऱ्हाइकाला आधीच सांगितलेलं बरं. आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत 'शेवटचे काही प्रयोग' असं ठळक छापलेलं असतं आणि त्या 'काही'त दोन नाट्यसंमेलनं येऊन जातात, त्याच वंशातले हे सगळे लोक.

स्टोन्सनी हे कधी केलं नाही. हा शेवटचा दौरा का, असं पत्रकार त्यांना अनेक दशकं विचारताहेत. जॅगरनं तरुणपणी, पंचेचाळिशीतही 'सॅटिस्फॅक्शन' गात बसण्यापेक्षा मेलेलं बरं, असं विधान केलं होतं. पंचेचाळीस उलटली आणि १९८९ साली हा स्टील व्हील्स नावाचा प्रचंड दौरा घेऊन निघाला. ऐंशीनंतरही तेच गाणं गातोय. बोललेला शब्द पाळला नाही म्हणून एवढी माणसं खूश झाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या डोळ्यांपुढे नाही. पण निरोपच घेतलेला नसल्यामुळे चाहत्यांची पंचाईत ही, की प्रत्येक दौरा हाच शेवटचा धरून चालावं लागतं. म्हणून तिकिटाला कितीही पैसे मोजायचे. आणि नंतर आणखी एक दौरा निघाला की आनंदाबरोबर थोडी फसवणूक झाल्यासारखंही वाटतं. शेवटचा म्हणून कर्ज काढलं होतं की हो!

आणि चाहतेही काही हिरवे राहिलेले नाहीत. हे सगळ्यात आधी हेरलं प्रायोजकांनी. १९८१ च्या अमेरिकेच्या दौऱ्याला पैसे दिले होते जोव्हान नावाच्या अत्तराच्या कंपनीनं. प्रेक्षकांना तेव्हा अत्तराची गरज होती. २०२४ च्या दौऱ्याचा प्रायोजक कोण, तर ए.ए.आर.पी., अमेरिकेतली पन्नाशीपुढच्यांची संघटना, जिच्या नावातली शेवटची दोन अक्षरं मुळात 'निवृत्त व्यक्तीं'ची. अत्तरापासून पेन्शनपर्यंत त्रेचाळीस वर्षांत. यावर बँडची टिंगल भरपूर झाली, पण मला विचाराल तर या व्यवसायातला इतका खरा बोलणारा फलक दुसरा लागला नसेल. दौऱ्याविषयीच्या चर्चेतले प्रश्नही बदललेत. पूर्वी लोक विचारायचे, रंगमंचाच्या किती जवळ उभं राहता येईल? आता विचारतात, बसायला खुर्ची आहे ना, प्रसाधनगृह कोणत्या दारापाशी, आणि शेवटची गाडी किती वाजता. स्टोन्सच्या 'लकी डिप' नावाच्या योजनेत स्वस्तात दोन तिकिटं मिळतात. जागा कुठली ते मात्र कार्यक्रमाच्या दिवशी दारावर कळतं. कधी अगदी पुढचं आवार, कधी आभाळाला टेकलेली शेवटची रांग. पूर्वी या जुगारात माणूस पुढच्या जागेसाठी देव पाण्यात घालायचा. आता लिफ्टसाठी घालतो.

दौरा नसतानाही गाण्यांच्या यादीवरून मात्र चाहते हातघाईवर येतात. 'स्टार्ट मी अप', 'जंपिन जॅक फ्लॅश' वगैरे ठरलेल्या गाण्यांना जाणकार 'वॉरहॉर्स' म्हणतात, आणि लढाईतून आलेल्या म्हाताऱ्या घोड्यांना आता विश्रांती द्या, अशी त्यांची जुनी मागणी आहे. त्यांना हवी असतात आडबाजूची गाणी, जी १९७३ नंतर कुणी वाजवली नाहीत. स्टेडियमभर आलेल्या हजारो लोकांना यातलं काही नको असतं. त्यांना 'सॅटिस्फॅक्शन' हवं असतं आणि मधे कीथ दोन गाणी स्वतः म्हणतो तेवढ्यात बिअर आणायची असते. त्या दोन गाण्यांच्या वेळी खुर्चीवरून उठणाऱ्याकडे खरा चाहता ज्या नजरेनं बघतो, ती नजर मी फक्त कीर्तनात मोबाइल वाजल्यावर पाहिलेली आहे. एवढं करून यादी जमते, क्रम लागतो, पहिलं गाणं कोणतं यावर तह होतो. मग कुणीतरी आठवण करून देतो, की दौरा नाही.

धीर कसा धरावा ते न्यू ऑर्लिन्सकरांकडून शिकावं. तिथल्या जॅझ महोत्सवात स्टोन्स २०१९ साली येणार होते. जॅगरच्या हृदयानं घोळ केला. २०२१ साली ठरलं. कोविडमुळे महोत्सवच रद्द झाला. अखेर २ मे २०२४ ला आले. पाच वर्षं एकाच कार्यक्रमाची वाट बघणाऱ्या त्या गावात अंदाज बांधणारे किती तयार झाले असतील, याचा विचार करून मला घाम फुटतो.

आता आपल्या दारातली गोष्ट. स्टोन्स भारतात एकदाच दौऱ्यावर आले, २००३ च्या एप्रिलमध्ये. ४ तारखेला बंगळूर, ७ तारखेला मुंबईत ब्रेबर्न स्टेडियम. त्या वेळी सार्सची साथ होती, त्यामुळे चीनमधले त्यांचे कार्यक्रम रद्द झाले, आपले झाले. तेव्हापासून मुंबईचा चाहता सरसावून बसलाय. २०२५ च्या जानेवारीत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले तीन दिवस वाजवून गेले, मे महिन्यात महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस. लगेच हिशेब सुरू: मैदान आहे, गर्दी आहे, पैसा आहे, मग स्टोन्स का नाहीत? मधे २०२३ च्या नोव्हेंबरात जॅगर कोलकात्यात दिसला. झालं! मैदान बघायला आलाय, ईडन गार्डन्सचं नक्की झालं, अशी आवई उठली. जॅगर ईडन गार्डन्सवर खरोखरच गेला होता. पण तिथे इंग्लंड आणि पाकिस्तानचा विश्वचषकाचा सामना होता, आणि हा माणूस क्रिकेटचा असा वेडा आहे, की नव्वदच्या दशकात इंटरनेटवरून सामने दाखवायची कंपनी काढून बसला होता. मॅच बघायला आलेला माणूस मॅच बघून गेला. इतकी सरळ गोष्ट चाहत्याच्या गळी उतरत नाही.

मुंबईत पुन्हा येतील का? माझं ऐकाल तर नाही. ऐंशी पार केलेल्या माणसांना आपला उकाडा, आपले रस्ते आणि आपल्या परवानग्या, यांतलं एकही सोसायचं कारण नाही. त्यापेक्षा एक विनंती करतो. ७ एप्रिल २००३ च्या तिकिटाचं अर्धुक ज्यांच्याकडे असेल त्यांनी ते जपून ठेवावं, आणि ज्यांच्याकडे नसेल त्यांनी "मी होतो तिथे" हे सांगणं आता थांबवावं. गेल्या काही वर्षांत ही माणसं इतकी वाढलीत, की ब्रेबर्न भरून वानखेडेही भरेल.